रोबोटला मास्तर करू नका, विद्यार्थी करा

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या तुमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाला एका देणगीदाराने ह्युमनॉइड रोबोट, म्हणजे माणसासारखं डोकं, हात, पाय असलेला रोबोट घेऊन द्यायची तयारी दाखवली आहे. तो ओपीडीच्या बाहेर उभा करायचा, मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्या लोकांना त्याने आहार, गोळ्या, सुया यांची माहिती सांगायची आणि तेवढा सिस्टरांचा वेळ वाचवायचा, असा विचार आहे. हे जमतं का, जगात कुणी केलंय का, आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं मधुमेह समुपदेशक म्हणून काम करते. त्यातली १४ वर्षं टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे रोज इन्शुलिन घ्यावंच लागणाऱ्या मुलांबरोबर गेली. रोबोटचा हाताशी आलेला अनुभव दोन शिबिरांचा आहे, बाकीचं वाचून आणि त्या क्षेत्रातल्या लोकांशी बोलून जमवलेलं. त्यावरून सांगते. ओपीडीबाहेर उभा राहून माहिती ऐकवणारा रोबोट घेऊ नका. तुमच्याकडे मधुमेहाची मुलं नियमित येत असतील आणि रोबोटला शिकणाऱ्याच्या जागी बसवायची तुमची तयारी असेल, तर मात्र जरूर विचार करा. असं का म्हणते ते सांगायला आधी एका आजींची गोष्ट सांगावी लागेल.

सात-आठ वर्षांपूर्वी या आजी माझ्याकडे येत. साठी उलटलेली, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन होतं. मी त्यांना दोनदा सगळं समजावलं होतं, तक्ता दाखवला होता, टॅबवर व्हिडिओसुद्धा लावला होता. प्रत्येक वाक्याला त्या ‘हो बाई, हो बाई’ म्हणत मान हलवायच्या. तिसऱ्या महिन्यात आल्या तेव्हा शुगर चारशेच्या वर होती. डोस वाढवायचं बोलणं सुरू झालं होतं. मी म्हटलं, “आजी, पिशवीत सगळं आहे ना? माझ्यासमोर भरून दाखवा बरं.” त्यांनी बाटली काढली, सिरिंज काढली, दोन्ही हातांनी नीट धरून २० च्या रेघेपर्यंत भरली. हात जराही चुकला नाही. फक्त सिरिंजचं टोपण केशरी होतं.

तुम्हाला माहीत आहेच, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्शुलिनची. नातवाने मेडिकलमधून मिळेल ती आणून दिली होती. त्या सिरिंजवर २० ची रेघ गाठली की आजींच्या अंगात जात होते फक्त ८ युनिट. उलटं झालं असतं, १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं असतं, तर अडीचपट डोस गेला असता आणि आजी झोपेतच गेल्या असत्या.

‘लाल टोपण’ हे शब्द मी दोन्ही वेळा उच्चारले होते. म्हणजे सांगायचं मी सांगितलं होतं, पण आजी शिकल्या नव्हत्या. ते उघडं पडलं कधी, तर त्यांनी करून दाखवलं तेव्हा. त्या दिवसापासून माझ्या खोलीत मी कमी बोलते आणि समोरच्याला जास्त बोलायला, करायला लावते. रुग्णाने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, हाताने करून दाखवायचं, याला टीच-बॅक म्हणतात आणि रुग्णशिक्षणाचा तो कणा आहे. ओपीडीबाहेर उभा केलेला रोबोट माझी जुनी चूक पुन्हा करेल, तीही रोज, सगळ्यांसमोर, न थकता. लोक त्याच्याकडे बघतील, नातवंडांना दाखवायला फोटो काढतील, मान हलवतील. केशरी टोपण त्याला दिसणार नाही.

आता शिबिराबद्दल.

आमच्या मुलांच्या निवासी शिबिरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यांच्याकडचा ‘नाओ’ घेऊन आले. हा फ्रान्समधल्या अल्डेबरान कंपनीचा रोबोट. उंची ५८ सेंटीमीटर, वजन साधारण साडेपाच किलो, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या बाळापेक्षाही थोडा हलका. डोळ्यांभोवती दिव्यांची कडी असते, तिचे रंग बदलता येतात. हाताला तीन बोटं, आणि ती तिन्ही एकदमच उघडतात-मिटतात, त्यामुळे सिरिंज भरून दाखवणं वगैरे त्याला जमत नाही. मराठी बोलायची सोय त्यात नव्हती, म्हणून एका विद्यार्थिनीच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घातली होती. मुलांनी त्याचं नाव ठेवलं बंड्या.

पहिल्या दिवशी आम्ही बंड्याला मास्तर केलं. त्याने हायपोवर, म्हणजे रक्तातली साखर अचानक उतरण्यावर, दहा मिनिटांचा धडा दिला. मुलं पाच मिनिटं हरखून बघत होती. मग चुळबुळ सुरू झाली आणि ‘नाच दाखव, नाच दाखव’ असा गलका झाला. संध्याकाळी मी एकेकाला विचारलं, बंड्या काय म्हणाला? नाच सगळ्यांना आठवत होता. धड्यातलं एखादं वाक्य दोघा-तिघांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या बराच वेळ उभा होता आणि त्याच्या गुडघ्यांच्या मोटारी तापल्या. या रोबोटचं असं होतं. हात किंचित थरथरले, मान खाली गेली, हळूहळू वाकत तो खाली बसला आणि गप्प झाला. विद्यार्थी लॅपटॉपकडे धावला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून नऊ वर्षांचा एक मुलगा ओरडला, “ताई, बंड्याची शुगर लो झाली!”

मी त्या विद्यार्थ्याला हाताने थांबवलं.

एका मुलीने दप्तरातून ग्लुकोजची पुडी काढली. दुसरी म्हणाली, “आधी चेक कर की!” मीटर शोधायला एकजण खोलीकडे पळाला. मागच्या बाजूला एक तेरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याची आई मला सांगायची की हा शाळेत लो झाला तरी कुणाला कळू देत नाही, बाकावर डोकं ठेवून पडून राहतो. शिबिरात आल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता. तो उठून पुढे आला. “मीटर सापडेपर्यंत थांबायचं नसतं,” तो म्हणाला. “हात थरथरतायत ना, मग आधी साखर द्यायची.”

“किती?” पुडीवालीने विचारलं.

“तीन चमचे. पाण्यातून.”

“आणि बिस्किट देऊ?”

“बिस्किट नंतर. त्याला चढायला वेळ लागतो. आता नुसती साखर. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत बघायचं.”

प्रत्येक शब्द बरोबर होता. साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबणं, पुन्हा तपासणं, हा जगभरचा नियम आहे. आणि मीटर हाताशी नसेल तर लक्षणांवरून उपचार सुरू करायचा, हेही बरोबर. मुलं खरंच पंधरा मिनिटं घड्याळ लावून बंड्याभोवती बसली. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. एका मुलाला वाटत होतं चॉकलेटही चालेल. त्या तेरा वर्षांच्या मुलानेच त्याला सांगितलं की चॉकलेटमधल्या चरबीने साखर हळू चढते. पंधरा मिनिटांनी विद्यार्थ्याने डोळे हिरवे केले आणि बंड्याला उभं केलं. जो आरडाओरडा झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही.

त्या पंधरा मिनिटांत मी एक वाक्यही शिकवलं नाही. तरी वीस मुलांपैकी कुणाला काय येतं, कुणाचा कुठे घोळ आहे, हे मला एरवी महिनाभराच्या भेटींत कळलं नसतं इतकं कळलं. आणि त्या मुलाने ‘लो’ हा शब्द पहिल्यांदा सगळ्यांसमोर उच्चारला, कारण तो बंड्याबद्दल होता. पुढच्या महिन्यात त्याच्या आईचा फोन आला. त्याने वर्गशिक्षिकेला स्वतःहून सांगितलं होतं की मला असं होतं, माझ्या दप्तरात साखर असते.

आमच्याकडे हे योगायोगाने घडलं. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात लोला कान्यामेरो आणि मॅथ्यू लुईस या संशोधकांनी हेच मुद्दाम रचून केलं होतं. त्यांचाही नाओच, नाव रॉबिन. रॉबिन मोठा नाही, मास्तर तर नाहीच, तो एक लहान बाळ आहे आणि त्याला मधुमेह आहे. तो धड बोलत नाही. खेळतो, दमतो, जवळ घ्या म्हणतो, आणि साखर वरखाली झाली की मलूल होतो. मुलाला सांगायचं, थोडा वेळ तू याच्याकडे बघ. मग मुलाने त्याचं वागणं बघून ओळखायचं, साखर तपासायची आणि ग्लुकोज द्यायचं की इन्शुलिन ते ठरवायचं. इटलीत मिलान शहरातल्या सान राफाएले रुग्णालयातल्या मधुमेही मुलांना तो भेटला. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्या मुलाला मधुमेह आहे त्याची दिवसरात्र कुणीतरी काळजी घेत असतं. काय खाल्लंस, किती घेतलंस, वहीत लिहिलंस का, असं सतत ऐकायचं. रॉबिनपाशी ते मूल पहिल्यांदा स्वतः काळजी घेणारं बनतं. ‘मला हे जमतं’ असं मुलाला वाटणं हेच तिथे शिकवायचं असतं, आणि ते कुठल्याही धड्यात सांगून येत नाही.

रॉबिनच्या रचनेत आणखी एक शहाणपण आहे. तो बोलत नाही, म्हणून त्याला मुलांचं बोलणं समजायची गरज पडत नाही. लहान मुलांचं बोलणं यंत्राला ओळखता येतं का, याच्या २०१७ च्या सुमारास नाओसारख्या रोबोटवर चाचण्या झाल्या आणि निकाल निराशाजनक होते. मुलं अडखळतात, मध्येच विषय बदलतात, हळू बोलतात, एकदम ओरडतात. आता तंत्र पुढे गेलंय हे खरं. पण तुमच्या भागातल्या मुलाची बोली, मागे पंख्याचा आवाज आणि वॉर्डातला कालवा असताना यंत्राला कळेल, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

रॉबिनचं काम युरोपीय संघाच्या पैशातून चाललेल्या अलीझ-ई नावाच्या प्रकल्पाच्या छत्राखाली झालं. २०१० ते २०१४ चा तो प्रकल्प, प्लिमथ विद्यापीठाचे टोनी बेलपाम त्याचे प्रमुख. त्याचा पुढचा टप्पा २०१५ ते २०१९ चा ‘पाल’ प्रकल्प, नेदरलँड्स आणि इटलीतल्या ७ ते १४ वर्षांच्या मधुमेही मुलांसाठी. तिकडे डच मुलांचा रोबोट होता चार्ली. चार्ली आणि मूल समोरासमोर बसून प्रश्नमंजूषा खेळत. मध्ये टॅब्लेट सीसॉसारख्या पाट्यावर बसवलेला, ज्याची पाळी त्याच्याकडे तो कलायचा. एकदा चार्लीने विचारायचं, एकदा मुलाने. इथेही मूल नुसतं ऐकत बसलेलं नाही, हे लक्षात घ्या. अशा खेळाने मुलांचं मधुमेहाचं ज्ञान वाढलेलं दिसलं, पण हे अभ्यास मोजक्या मुलांवरचे आहेत, तेव्हा त्यावरून फार मोठ्या गोष्टी बोलू नयेत.

डायरीचा प्रयोग मात्र मला जास्त जवळचा वाटतो. शुगरची वही खोटी लिहिणं ही आमच्या मुलांची जुनी गोष्ट. भेटीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच अक्षरात तीन महिन्यांचे आकडे भरलेले असतात, आणि सगळे १२० ते १४०. मूल खोटारडं नसतं, त्याला रागावण्याची भीती असते. नेदरलँड्समध्ये काही मुलांनी घरी डायरी लिहिताना रोबोटशी स्क्रीनवरून बोलून पाहिलं, तेव्हा त्यांनी दिवसभरातले स्वतःचे अनुभव जास्त मोकळेपणाने सांगितले. रोबोट रागावत नाही, आईला सांगत नाही, त्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसत नाही. मला यातून रोबोटच्या कौतुकापेक्षा आपल्याबद्दल जास्त समजलं. आता ३०० चा आकडा दिसला की मी आधी म्हणते, “खरा आकडा लिहिलास, बरं केलंस.”

मोठ्यांचं काय, हे तुम्ही विचारलंच असतं.

मोठ्यांसाठी ओपीडीपेक्षा घरातल्या रोबोटचे पुरावे बरे आहेत. अमेरिकेत एमआयटीमध्ये कोरी किड यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या ४५ लोकांना तीन गटांत विभागलं होतं. काहींना कागदी नोंदवही, काहींना संगणकावरचा प्रोग्राम, काहींना तोच प्रोग्राम पण डोळे हलवणाऱ्या, बोलणाऱ्या छोट्या रोबोटमध्ये. कागदावर लोकांनी सरासरी सुमारे २७ दिवस नोंदी ठेवल्या, संगणकावर ३६, रोबोटसोबत ५०. म्हणजे आपल्याकडे बघणारं कुणीतरी समोर असलं की माणूस जरा जास्त टिकतो. पुढे त्यांनीच ‘माबू’ नावाचा टेबलावर ठेवायचा पिवळा रोबोट काढला, हृदयाचं काम मंदावलेल्या रुग्णांना रोज दोन शब्द विचारणारा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी चार महिने रोबोट ठेवला. त्यांचं इन्हेलर घेणं आणि व्यायाम करणं सुधारलं. पण रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं नाही. या दोन्ही गोष्टी तुमच्या देणगीदाराला सांगा, एकच सांगू नका.

आणि हे सगळे आठवण करून देण्याचे, सोबत करण्याचे उपयोग आहेत. आजार समजून घेण्यासाठी मोठ्या माणसाला दुसरं मोठं माणूसच लागतं, तेही त्याच आजाराचं. स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी उभा केलेला सहा आठवड्यांचा कार्यक्रम जगभर चालतो, आठवड्याला अडीच तास, आणि तो चालवणारे बहुतेकदा स्वतः जुनाट आजाराचे रुग्ण असतात. माझ्या गटात एक रिटायर्ड एसटी कंडक्टर आहेत. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून दम्याचा पंप बंद केलेल्या माणसाला ते जे सांगतात ते मी सांगून पटत नाही, रोबोट तर दूरच. उपासाला साबुदाणा चालतो का, वारीत इन्शुलिन कुठे ठेवायचं, लेकीच्या लग्नात पंगतीत सुई कशी घ्यायची, हे त्यांना विचारतात. इन्शुलिन थंड राहायला ओल्या वाळूत मडकं आणि त्यात बाटली, हा उपाय मलासुद्धा रुग्णांनीच शिकवला. हे आधी उभं करा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

सिस्टरांचा वेळ वाचेल ही अपेक्षा मात्र सोडून द्या. मला अडचण कळते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि समुपदेशक किती आहेत हे आपण रोज बघतो. पण बंड्याच्या मागे दोन विद्यार्थी अख्खा दिवस बसून होते. युरोपातल्या प्रयोगांतही बरेचदा आडून एखादा माणूस रोबोट चालवत असे. पहिलं वर्ष तरी रोबोट तुमच्याकडून वेळ घेईल. एक माणूस त्याच्यासाठी नेमायला लागेल, आणि तो मशीन चालवणारा नसावा, मुलांकडे बघणारा असावा. मशीन चालवायला त्याला शिकवता येतं. मुलाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकवणं जास्त कठीण आहे.

घ्यायचं ठरलंच, तर काही गोष्टींवर अडून राहा. रोबोटच्या तोंडून इन्शुलिनचे युनिट कधीही येता कामा नयेत. हल्ली या रोबोटना चॅटबॉट जोडून देतात, तो मराठीही बोलतो, ऐकायला गोड वाटतं. पण तो आत्मविश्वासाने चुकतो, आणि इथे चुकीची किंमत केशरी टोपणाएवढी आहे. तुम्ही वाचून, तपासून दिलेली वाक्यंच त्याने बोलावीत. डोसचा प्रश्न आला की ‘हे सिस्टरताईंना विचारूया’ एवढंच. वाक्यं तुमच्या भागातल्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. बाहेरून आलेल्या तयार धड्यात पाव आणि सफरचंद असतं, आपल्या मुलाच्या डब्यात भाकरी, पोहे, शिरा असतो.

रोबोटच्या डोक्यात कॅमेरा आणि माइक असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कागदावर सही घ्या, आणि रेकॉर्डिंग कुठे साठतं हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. ते परदेशातल्या सर्व्हरवर जात असेल तर बंद करता येतं का ते विचारा. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की हे यंत्र आहे आणि हा दादा ते चालवतो. आम्ही सांगितलं होतं. तरी त्यांनी बंड्याला साखर द्यायची ती दिलीच. बाहुली बाहुली आहे हे मुलांना माहीत असतं, म्हणून तिला ताप आल्यावर पट्टी ठेवायचं ती थांबत नाहीत.

कंपनीचं आयुष्यही बघा. टोकियोच्या सॉफ्टबँकेने गाजवलेल्या ‘पेपर’ रोबोटचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. नाओ बनवणारी अल्डेबरान २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग तिची मालमत्ता एका चिनी कंपनीने घेतली. सुटे भाग, बॅटरी, दुरुस्ती यांची हमी कोण देणार, हे लेखी घेतल्याशिवाय देणगीदाराला चेक फाडू देऊ नका. इंटरनेटवरच्या सर्व्हरशिवाय जो चालत नाही तो रोबोट घेऊच नका. अमेरिकेत मुलांसाठीचा ‘मॉक्सी’ नावाचा रोबोट होता. त्याची कंपनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली तेव्हा घरोघरी आईबापांना मुलांना समजवावं लागलं की तुझा मित्र आता बोलणार नाही. आमची मुलं जन्मभराचा आजार घेऊन चालली आहेत. दवाखाना, मित्र, शाळा, सगळीकडे त्यांना काहीतरी सोडावं लागलेलं असतं. त्यांच्याजवळ आणलेली गोष्ट अशी अचानक काढून घेणं मला पटत नाही. शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही बंड्याला रीतसर निरोप दिला. मुलांनी त्याच्या खोक्यात साखरेची पुडी आणि एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत त्याच्या पुढच्या मुक्कामाच्या लोकांसाठी सूचना होत्या, लो झाला तर काय करायचं त्याच्या. पाच ओळींत सांगायचं काहीच राहिलं नव्हतं.

आता सुरुवात कशी करावी. देणगीदाराला तीन महिने थांबायला सांगा. तेवढ्यात गावातल्या शिंप्याकडून एक कापडी बाहुला शिवून घ्या, हातभर उंचीचा. पोट आणि मांड्या स्पंजच्या करा, म्हणजे सुई टोचता येईल. नाव मुलांना ठेवू द्या. मुलांच्या ओपीडीच्या दिवशी तो टेबलावर बसवा आणि आलेल्या प्रत्येक मुलाला एकच गोष्ट सांगा: याला कालच मधुमेह असल्याचं कळलंय, घाबरलाय, तू जरा समजावशील? मग खुर्ची मागे घ्या आणि ऐका. पहिला विषय ‘लो’ घ्या, दुसरा सुईची जागा रोज का बदलायची हा. सुई एकाच जागी टोचून पोटावर गाठी झालेली मुलं बाहुल्याला बरोबर जागा दाखवताना स्वतःच्या पोटाकडे बघतात, ते एकदा बघाच. प्रत्येक मुलाचं काय चुकलं, काय बरोबर आलं, ते सिस्टरना वहीत लिहू द्या.

तीन महिन्यांत तुमच्या माणसांना खुर्ची मागे घ्यायची सवय लागली तर रोबोट आणा, तो उभा राहील, डोळ्यांचे रंग बदलेल, मलूल होईल आणि मुलांना त्याची जास्त ओढ वाटेल. नाही लागली, तर त्या पैशात एक समुपदेशक नेमा. बंड्यासाठी रेकॉर्ड केलेली मराठी वाक्यं माझ्याकडे आहेत, एकूण ६४. बाहुल्यासाठीही त्यातली निम्मी चालतील, सिस्टरना त्याच्या वतीने बोलायला. कळवलंत तर आजच पाठवते.